चाळीस दात्यांचं चाक

एवेलियो बार्रिएन्तोस यांनी आपल्या सहलीचं वेळापत्रक टाइप करून इमारतीच्या प्रवेशद्वारातल्या सूचनाफलकावर लावलं, ते निव्वळ कर्तव्यबुद्धीनं. निदान ते स्वतः तसं म्हणत. त्यांच्या पत्नीचं, बेनिताबाईंचं म्हणणं वेगळं होतं. आपण अठरा दिवस आगगाडीनं फिरायला निघालो आहोत हे पहिल्या मजल्यापासून पाचव्यापर्यंत सगळ्यांना कळावं म्हणून त्यानं ते लावलं, असं त्या म्हणत. पण या म्हणण्याला पुरावा नव्हता, आणि उत्तर स्पेनमधल्या आपल्या पालेन्सिया गावच्या जमीन नोंदणी कार्यालयात छत्तीस वर्षं काढलेला माणूस पुराव्याशिवाय काही मान्य करत नसतो.

वेळापत्रक मात्र बघण्यासारखं होतं. आविला, आरान्खुएस, कॉर्दोबा आणि शेवटी समुद्रकाठी कादिस. प्रत्येक गावासमोर गाड्यांच्या वेळा, उतरायच्या हॉटेलचं नाव, पत्ता आणि टेलिफोन नंबर. खाली टीप : ‘वरील काळात अध्यक्ष सावकाश प्रवास करीत असतील.’ ‘सावकाश’ या शब्दाखाली तांबड्या शाईनं दोन रेघा. जलद गाडीनं हेच अंतर एका दिवसात कापता येतं, हे एवेलियोंना ठाऊक नव्हतं असं नाही. पण छत्तीस वर्षं ज्या गावांची नावं त्यांनी वह्यांमध्ये लिहिली, ती गावं खरोखर आहेत की नाहीत हे त्यांना एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. त्यासाठी गाडीनं प्रत्येक स्टेशनावर दोन मिनिटं थांबणं आवश्यक होतं.

‘अध्यक्ष’ म्हणजे नऊ नंबरच्या इमारतीचे अध्यक्ष. हे पद दर वर्षी एका घरातून शेजारच्या घरात सरकतं, गोवरासारखं. ते टाळण्यासाठी लोकांनी आजारपणाचे दाखले आणले आहेत, आणि एकानं तर घरच विकलं. १९८६ साली ते तिसऱ्या मजल्यावर, डाव्या हाताच्या घरी, म्हणजे एवेलियोंकडे आलं होतं.

वेळापत्रक लागल्यापासून सल्ले सुरू झाले. पहिल्या मजल्यावरचे सेन्योर पेराल्ता म्हणाले की, आगगाडी ही काय प्रवासाची रीत आहे, बसनं जा. तिसऱ्या मजल्यावर समोर राहणाऱ्या दोघी बहिणींनी कॉर्दोबाचं पाणी पिऊ नका म्हणून बजावलं. त्यांचे एक काका तिथलं पाणी पिऊन गेले होते. ते ब्याण्णव वर्षांचे होते, ही गोष्ट नंतर कळली. आरान्खुएसला जायचं तर मे महिन्यात जायचं, स्ट्रॉबेरीच्या दिवसांत, ऑक्टोबरात तिथं काय बघणार, असं दुसऱ्या मजल्यावरून विचारण्यात आलं. एवेलियो प्रत्येकाचं ऐकून घेत आणि म्हणत की आपण विचार करू. विचार ते करत नसत.

एकच घर असं होतं जिथून सल्ला आला नाही. पाचव्या मजल्यावर उर्सुलाबाई एकट्या राहत, वय त्र्याऐंशी. त्यांनी लिफ्टमध्ये गाठ पडली तेव्हा एवढंच म्हटलं की सावकाश जा आणि सगळं बघून या. एवेलियोंना हे फार आवडलं. चौथ्या मजल्यावरचं बिऱ्हाड उन्हाळ्यापासून मुलीकडे बिल्बाओला गेलेलं होतं, त्यामुळे त्यांचा सल्ला टपालानं आला नाही हेच नशीब.

निघायच्या दिवशी, सोमवारी सकाळी साडेसातला, एवेलियोंनी दोन्ही बॅगा लिफ्टमध्ये ठेवल्या, आत हात घालून तळमजल्याचं बटण दाबलं, दार लावलं आणि स्वतः पत्नीसह जिन्यानं उतरले. लिफ्ट जुनी, तिच्यावर भार नको, म्हणून सामान लिफ्टनं आणि माणसं जिन्यानं असा त्यांचा शिरस्ता होता. ते दुसऱ्या मजल्यावर पोचतात तोच वरच्या बाजूला अक्रोड फोडल्यासारखा आवाज झाला आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबली. बॅगा आत. बॅगांमध्ये कपडे, औषधं, दाढीचं सामान आणि तिकिटं.

लिफ्ट दुरुस्त करणारा साबिनो नऊ वाजता आला. त्यानं हातानं यंत्र फिरवून बॅगा बाहेर काढल्या आणि निदान केलं. लिफ्ट अठ्ठावन्न सालची. ज्यानं ती बनवली तो कारखाना बंद होऊन पंधरा वर्षं झाली. यंत्रातलं पितळी दातेरी चाक गेलं होतं. चाळीसपैकी सहा दाते पार झिजलेले. असं चाक आता बाजारात नाही. ओतून घ्यायचं तर तीन महिने.

आठची गाडी चुकली होती. दुसरी पावणेबाराला होती. एवेलियोंनी एका कागदावर ‘लिफ्ट बंद. जिना वापरावा. – अध्यक्ष’ असं लिहून तो वेळापत्रकाच्या शेजारी लावला आणि ते निघाले. आपण कर्तव्य पुरं केलं असं त्यांना वाटलं. वेळापत्रक मात्र त्यांनी फलकावर तसंच राहू दिलं, सगळ्या टेलिफोन नंबरांसकट.

आविलात पहिला दिवस चांगला गेला, म्हणजे उरलेला दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला बसले असताना हॉटेलच्या मालकिणीनं येऊन सांगितलं की पालेन्सियाहून फोन आहे, आणि फार तातडीचा आहे. फोनवर सेन्योर पेराल्ता होते.

आता या सेन्योर पेराल्तांबद्दल थोडं सांगायला हवं. हे गृहस्थ पहिल्या मजल्यावर राहतात. त्यांनी बावीस वर्षांत एकदाही लिफ्टमध्ये पाऊल ठेवलेलं नाही. लिफ्टच्या प्रत्येक खर्चाविरुद्ध ते दर वर्षी हात वर करतात. आणि लिफ्टविषयी त्या इमारतीत सर्वांत जास्त माहिती त्यांनाच आहे. त्यांनी सांगितलं की काल संध्याकाळी जिन्यावर तातडीची सभा झाली. साबिनोला आठवलं की त्याच कारखान्याची एक लिफ्ट आविलाच्या एका मठात होती, ख्रिस्ती जोगिणींच्या अतिथिगृहात, आणि ती परवाच काढून टाकली म्हणतात.

“तिथं आहातच,” पेराल्ता म्हणाले, “तर जाऊन या.”

एवेलियो म्हणाले की आपण सहलीला आलो आहोत. पेराल्ता म्हणाले की म्हणूनच तर सोपं आहे, वेगळं जायला नको. त्र्याऐंशी वर्षांची म्हातारी पाचव्या मजल्यावर अडकून पडली आहे आणि अध्यक्ष आविलात मजा मारताहेत असं कुणी म्हणायला नको. आपण म्हणणार नाही, पण कुणी म्हणू नये.

या वाक्यानं एवेलियो इतके संतापले की त्यांनी ताटातलं अंडं तसंच टाकलं. बेनिताबाई शांतपणे म्हणाल्या, “तू मठात जाऊन ये. मी तटावर फिरते.” आणि आपला तांबडा कोट घालून त्या निघाल्यासुद्धा.

मठाच्या दारात जोगीण दिसत नाही. भिंतीत एक फिरतं लाकडी कपाट असतं, त्याच्या पलीकडून नुसता आवाज येतो. एवेलियोंनी त्या कपाटाला आपण कोण, कुठले, हे सांगितलं आणि एक पिवळं, गोल, दातेरी असं आपल्याला हवं आहे म्हणून खुलासा केला. पलीकडून किती, असं विचारलं. एक पुरे, एवेलियो म्हणाले. कपाट फिरलं आणि त्यातून जोगिणी विकायला करतात त्या अंड्याच्या बलकाच्या मिठाईचा खोका बाहेर आला. पिवळी होती, गोल होती, आणि कागदाच्या वाटीला दाते होते. दुसऱ्या प्रयत्नात आणखी एक खोका आला. तिसऱ्या वेळी एवेलियोंनी ‘लिफ्ट’ हा शब्द इतक्या मोठ्यानं उच्चारला की रस्त्यावरचे लोक थांबले.

शेवटी मठाच्या माळ्याबरोबर त्यांना अतिथिगृहाच्या माथ्यावरच्या यंत्रखोलीत पाठवलं. खोली रिकामी होती. यंत्राचे सगळे भाग आरान्खुएसच्या वृद्धाश्रमाला दान दिले, असं माळी म्हणाला. हे त्यानं खालीही सांगितलं असतं, पण कुणी विचारलं नाही. एवेलियो खिडकीशी धापा टाकत उभे राहिले. समोर गावाचा तट होता, त्याचे बुरूज उन्हात आले होते, आणि दोन बुरुजांच्या मधे एक तांबडा ठिपका अगदी सावकाश चालत होता. मधेच थांबून तो काहीतरी खात होता.

आरान्खुएसच्या फलाटावर उतरले तेव्हा ध्वनिक्षेपक बोलत होता. ‘पालेन्सियाहून आलेले अध्यक्ष सेन्योर बार्रिएन्तोस यांनी ताबडतोब स्टेशनमास्तरांना भेटावं.’ सगळा फलाट वळून बघू लागला. एका गृहस्थानं टोपी काढली. स्टेशनमास्तरांनी स्वतःची खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं आणि अध्यक्ष आधी कळवून आले असते तर बरं झालं असतं असं म्हटलं. एवेलियोंना खरं म्हणजे तिथंच गप्प बसता आलं असतं. पण नोंदणी कार्यालयातला माणूस चुकीची नोंद राहू देत नाही. आपण प्रांताचे नव्हे, इमारतीचे अध्यक्ष आहोत, असं त्यांनी सांगितलं. किती मजली, असं स्टेशनमास्तरांनी विचारलं. पाच, एवेलियो म्हणाले. स्टेशनमास्तरांनी खुर्ची परत घेतली.

निरोप पेराल्तांचाच होता. वृद्धाश्रमात सुटं चाक आहे, त्यांनी फोन करून खात्री करून घेतली होती. फक्त उचलून आणायचं.

वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकांचं म्हणणं असं की, चाक आहे, भांडारात आहे, आश्रमाच्या काही कामाचं नाही. पण ते नोंदवहीत आहे. नोंदवहीतली वस्तू बाहेर जायची तर अर्ज हवा, आणि अर्जावर मागणाऱ्या संस्थेचा शिक्का. शिक्का पालेन्सियाला एवेलियोंच्या टेबलाच्या खणात होता आणि खणाची किल्ली एवेलियोंच्या खिशात. ज्या नियमांवर आपण स्वतः छत्तीस वर्षं लोकांना परत पाठवलं, तेच नियम आपल्याला ऐकवले जाताहेत, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांना एवढंच दिसलं की हा माणूस आडमुठा आहे.

फोनवर पेराल्ता म्हणाले की, घराची किल्ली समोरच्या बहिणींकडे आहेच, खणाचं आपण बघतो. त्यांनी ते स्क्रूड्रायव्हरनं बघितलं. एवेलियोंच्या वडिलांचं अक्रोडाच्या लाकडाचं टेबल होतं. तीन दिवसांनी शिक्का टपालानं आला. ते तीन दिवस एवेलियो रोज दोनदा टपाल कचेरीत जाऊन बसले. बेनिताबाईंनी राजवाड्याच्या बागा बघितल्या, नदीकाठी झाडांखाली वाचत बसल्या, आणि एका विधवा बाईशी ओळख करून तिच्याकडून तितराच्या रश्शाची कृती लिहून घेतली.

शिक्का मारला, अर्ज गेला, चाक आलं. एकोणीस किलो वजन. एवेलियोंनी विजयानं साबिनोला फोन लावला. साबिनो म्हणाला की दाते मोजा. एवेलियोंनी मोजले. अडतीस. पुन्हा मोजले, बोटाला वंगण लागलं, पण दाते अडतीसच राहिले. आपल्याला चाळीस हवेत, साबिनो म्हणाला.

एवेलियो चाक परत द्यायला गेले. व्यवस्थापकांनी नोंदवही उघडली आणि खेदानं सांगितलं की बाहेर गेलेली वस्तू परत घेण्यासाठी या वहीत रकाना नाही. वाटलं तर ती इथं सोडून जा, पण मग ती बेवारशी ठरेल, आणि बेवारशी वस्तूसाठी पोलिसांना बोलवावं लागेल.

अशा रीतीनं, कुणाच्याही उपयोगाचं नसलेलं अडतीस दात्यांचं चाक घेऊन एवेलियो कॉर्दोबाच्या गाडीत बसले. गाडी प्रत्येक स्टेशनावर दोन मिनिटं थांबत होती. ज्या गावांची नावं त्यांनी इतकी वर्षं लिहिली ती एकामागून एक येत होती, पांढरी घरं, पाण्याची टाकी, फलाटावर झोपलेलं कुत्रं. एवेलियोंनी एकाही गावाकडे बघितलं नाही. ते मांडीवर चाक घेऊन पेराल्तांना लिहायच्या पत्राची वाक्यं जुळवत होते. पत्र मोठं होत चाललं होतं. मान्सानारेसपर्यंत ते सात पानी झालं होतं, मनातल्या मनात.

“बाहेर द्राक्षं तोडताहेत बघ,” बेनिताबाई म्हणाल्या.

“तोडू देत,” एवेलियो म्हणाले.

कॉर्दोबाच्या हॉटेलात निरोप वाट बघतच होता. गावात एक जुनं हॉटेल पाडायला काढलं होतं, त्यात त्याच कारखान्याची लिफ्ट होती. तिथला कंत्राटदार भला माणूस निघाला. तो पितळ वजनावर विकतो, म्हणाला. दाते किती आहेत याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही, चाकाच्या जागी चाक ठेवा आणि हवं ते घेऊन जा. फक्त यंत्र गच्चीवर आहे, सात मजले वर, आणि लिफ्ट अर्थातच बंद आहे. कामगार आत्ता येतीलच.

एवेलियो एकोणीस किलो घेऊन सात मजले चढले. कामगार जेवायला गेले होते. कॉर्दोबात जेवणानंतर लोक झोपतात, हे एवेलियोंना माहीत होतं, पण आपल्यावर ते आजमावलं जाईल असं वाटलं नव्हतं. साडेतीन तास ते त्या गच्चीवर चाकावर बसून राहिले. ऑक्टोबरातही ऊन चटचटत होतं. समोर सगळं गाव पसरलेलं होतं, आणि ते त्या गावाकडे रागानं बघत होते. मशिदीचं छप्पर, पुढे तिच्या पोटातच बांधलेलं आणि त्यातून वर आलेलं कॅथेड्रल, नदी, पूल, कुणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी. या सगळ्यांनी मिळून आपला अपमान चालवला आहे असं त्यांना वाटत होतं. बेनिताबाई त्या वेळी खाली कुठेतरी संत्र्याच्या झाडांच्या अंगणात होत्या. संध्याकाळी हॉटेलात आल्यावर त्या दोन तास बोलत होत्या. एवेलियो ऐकत नव्हते. त्यांच्या पलंगाखाली चाक होतं, आणि ते मधूनमधून वाकून दाते मोजत होते. चाळीस. दर वेळी चाळीस.

पेराल्तांना हे कळल्यावर त्यांनी फोनवरून हुकूमच सोडला. सहल पुरे झाली, पहिल्या गाडीनं परत या, तसा ठराव झाला आहे.

“ठराव कुणी केला?” एवेलियोंनी विचारलं.

“सभेनं.”

“अध्यक्षांशिवाय सभा होत नाही. वही काढा आणि कलम नऊ वाचा. मी कादिसला चाललोय.” एवढं बोलून एवेलियोंनी फोन ठेवला, आणि बेनिताबाईंनी त्यांना खुर्ची दिली. छत्तीस वर्षांत त्यांनी कुणाचं बोलणं पुरं होण्याआधी फोन ठेवलेला नव्हता.

कादिसच्या हॉटेलातून समुद्र दिसत होता. पण एवेलियोंचा चेहरा बघण्यासारखा नव्हता. परत निघावं की नाही या विचारानं त्यांना तळलेली मासळीही जाईना. उर्सुलाबाई त्यांच्या डोळ्यांसमोर येत होत्या, पाचव्या मजल्याच्या बाल्कनीत, दोरीला टोपली बांधून. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला तेव्हा त्यांनी पेराल्तांसाठी तयार ठेवलेली तीन वाक्यं मनात म्हणून घेतली आणि रिसीव्हर उचलला.

“अध्यक्ष, मी उर्सुला. पाचवा मजला.”

एवेलियो गडबडले. चाक मिळालंय, उद्याच निघतो, उशीर झाला त्याबद्दल क्षमा असावी, असं ते एका दमात बोलून गेले.

“नका निघू,” उर्सुलाबाई म्हणाल्या.

एवेलियोंना वाटलं की लाइन खराब आहे. लाइन चांगली होती. बाईंनी सांगितलं की लिफ्ट बंद पडल्यापासून त्यांच्याकडे माणसांची रीघ लागली आहे. दुसऱ्या मजल्यावरून पाव येतो. तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी बहिणी सूप आणतात आणि ते संपेपर्यंत बसतात. सेन्योर पेराल्ता रोज संध्याकाळी वर्तमानपत्र घेऊन चार जिने चढतात, कॉफी घेतात, आणि दीड तास त्यांचं प्रत्येक म्हणणं खोडून काढतात.

“माझं ऐकून घेणारे पुष्कळ भेटले हो आजवर,” त्या म्हणाल्या. “वाद घालणारं कुणी उरलं नव्हतं. पुढच्या शनिवारी मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला खाली उतरायचंय. आदल्या दिवशी लिफ्ट चालू झाली तर उत्तम. त्याआधी नको.”

“बाई, मी हे एकोणीस किलोचं धूड घेऊन…”

“ठाऊक आहे मला. चाक कुठवर आलं ते पेराल्ता रोज सांगतात. आम्ही नकाशा पसरून बसतो.”

एवेलियोंनी रिसीव्हर ठेवला. मग त्यांनी सगळा प्रकार पत्नीला सांगितला. सांगताना त्यांचा आवाज चढत गेला. आपण जोगिणींच्या कपाटाशी बोलत होतो, फलाटावर आपली शोभा होत होती, कॉर्दोबाच्या उन्हात आपण भाजत होतो, आणि तो माणूस वर बसून कॉफी पीत होता, नकाशा पसरून. बेनिताबाई इतक्या हसल्या की त्यांना चाकावर बसावं लागलं.

त्या दिवशी एवेलियोंनी आयुष्यातली पहिली खोटी नोंद केली. त्यांनी पेराल्तांना तार पाठवली : ‘चाकाची कागदपत्रं अपुरी. काम सावकाश चालू. अध्यक्ष.’ मग तटाच्या भिंतीवर बसून त्यांनी कागदाच्या पुड्यातली मासळी संपवली आणि आणखी एक पुडा मागवला. पाच दिवस ते तिथं होते.

गुरुवारी ते परतले, शुक्रवारी साबिनोनं चाक बसवलं, शनिवारी उर्सुलाबाई खाली उतरून डॉक्टरांकडे जाऊन आल्या. सगळं जसं व्हायला हवं तसं झालं. रविवारी प्रवेशद्वारात सभा भरली. एकच ठराव होता. लिफ्टच्या दुरुस्तीसाठी दूरध्वनीवरून अथक समन्वय साधल्याबद्दल सेन्योर पेराल्ता यांचे आभार. ठराव मोठ्यानं वाचणं आणि त्याखाली सही करून शिक्का मारणं हे नियमानुसार अध्यक्षांचं काम असतं. एवेलियोंनी वाचला. सही केली. शिक्का मोडक्या खणातून काढून मारला. घरी गेल्यावर ते जेवले नाहीत.

पुढच्या आठवड्यात त्यांना हे कुणालातरी सांगितल्याशिवाय राहवेना. बेनिताबाईंना सांगून झालं होतं, चार वेळा. बुधवारी संध्याकाळी ते लिफ्टनं पाचव्या मजल्यावर गेले. उर्सुलाबाईंच्या एका डोळ्यावर पट्टी होती. टेबलावर एकच कप होता. लिफ्ट चालू झाल्यापासून कुणी वर येण्याचं कारण उरलं नव्हतं. खाली दारात भेटलं की लोक नमस्कार करत आणि त्यांच्यासाठी लिफ्टचं दार धरून ठेवत.

एवेलियो पेराल्तांच्या नावानं सुरुवात करणार, तोच बाईंनी विचारलं की सहल कशी झाली, काय काय बघितलं, कॉर्दोबा कसं वाटलं. आता आपण काहीच बघितलं नाही असं सांगणं एवेलियोंच्या जिवावर आलं. बेनिता काय काय बोलली होती ते आठवत त्यांनी सांगायला घेतलं. मशिदीचं अंगण, संत्र्याची झाडं, झाडांवर पांढरी फुलं, फुलांचा घमघमाट.

“ऑक्टोबरात?” बाईंनी विचारलं.



“मी लग्नाआधी नऊ वर्षं कॉर्दोबात शिवणकाम करत होते,” बाई म्हणाल्या. “फुलं एप्रिलात येतात. तुम्ही अंगणात गेलाच नव्हता ना?”

“नाही,” एवेलियो म्हणाले. त्यांचे कान तापले होते. “मी सगळा वेळ छपरांवर होतो.”

“मग छपरावरून काय दिसलं ते सांगा. नऊ वर्षं राहिले, पण मला कुणी छपरावर जाऊ दिलं नाही.”

एवेलियोंनी आधी नुसतं ‘काही विशेष नाही’ म्हटलं. मग म्हणाले की शेजारच्या गच्चीवर एक बाई चादरी वाळत घालत होती. बारा चादरी. वारा आला की ती त्यांच्या मागे दिसेनाशी होई. तिच्या पलीकडे एक म्हातारा कबुतरांना दाणे टाकत होता, आणि त्यातलं एक कबूतर लंगडं होतं, त्याच्यासाठी तो वेगळी मूठ राखून ठेवायचा. मशिदीचं छप्पर नांगरलेल्या शेतासारखं होतं, सरी-वरंबे असावेत तसं, आणि त्याच्या मधोमध कॅथेड्रल, कुणी विचारल्याशिवाय येऊन बसल्यासारखं. तीन वाजता पुलावर एकही माणूस नव्हता. सव्वातीनला एक कुत्रं पलीकडे गेलं. पावणेचारला तेच परत आलं.

आपल्याला हे सगळं आठवतंय याचं त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटत होतं. बाईंनी दुसरा कप काढला.

तेवढ्यात दारावर थाप पडली. दारात सेन्योर पेराल्ता उभे होते, काखेत वर्तमानपत्र, चेहरा लालबुंद, बोलायलाही दम नाही. लिफ्ट चालू होती, पण तिच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. ते चार जिने चढून आले होते. एवेलियोंना बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. आपल्या रोजच्या खुर्चीत कोण बसलंय आणि काय चाललंय, असा त्यांचा चेहरा होता.

“अध्यक्ष आत्ता कॉर्दोबाला पोचलेत,” उर्सुलाबाई म्हणाल्या. “ते स्टूल घ्या, बसा, आणि मधे बोलू नका.”

पेराल्ता बसले. स्टूल बुटकं होतं.

एवेलियोंनी कॉफीचा एक घोट घेतला, कप बशीत नीट ठेवला, आणि सेन्योर पेराल्तांना काही संदर्भ लागणार नाही म्हणून पुन्हा आविलापासून सुरुवात केली, मधल्या प्रत्येक स्टेशनासकट.